अळंबीच्या डबीवरचा फोटो

शुद्धलेखन चुकेल. अक्षरही वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, आणि उजव्या काखेतल्या गाठी काढल्यापासून त्या हाताला सूज असते. चार ओळी लिहिल्या की बोटं जड होतात आणि अक्षर खाली उतरत जातं. हे कोणाला दाखवायचं नाहीये, तरी माफी मागते. माफी मागितल्याशिवाय मला काही सुरूच करता येत नाही. दुकानात सुटे पैसे मागायचे असले तरी मी आधी "सॉरी हां भैया" म्हणते. माझी मुलगी हसते. बोलून दाखवता आलं असतं तर लिहायला बसले नसते.

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक आमचं, एक तिचं. भाईंदर पूर्वेला ही बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून. तिचं माहेर आणि माझं माहेर महाडकडचंच. विहार एक, बचत गट एक. ती बारावी झालेली, गटाची अध्यक्ष, बँकेतल्या साहेबाशी समोर खुर्चीत बसून बोलणारी. वयाने माझ्याहून थोडीच मोठी, पण मी तिला पहिल्यापासून ताई म्हणत आले.

अंघोळ करताना छातीला गाठ लागली ती मी नवऱ्याच्या आधी तिला सांगितली. सांगितली म्हणजे काय, तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि रडायला लागले. तिने दार लावलं, स्वतःच्या हाताने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "बाय, उद्याच जायचं. नवऱ्याला मी सांगते." तिने ते केलं नसतं तर मी अजून सहा महिने पदर घट्ट ओढून बसले असते. हे लिहायलाच हवं. पुढचं लिहिताना ते विसरल्यासारखं होईल म्हणून आधी लिहिते.

माझा नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतो. खाडा केला की पगार कापतात. म्हणून मुंबईच्या सरकारी दवाखान्यात माझ्याबरोबर बहुतेक वेळा ताईच यायची. ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं सुरू झाली. लाल रंगाचं इंजेक्शन असतं, ते डाव्या हातातून चढायचं. ती माझ्या शेजारी स्टुलावर बसायची आणि उलटी आली की पिशवी धरायची. एकदा तिने मोबाइल काढला. माझ्या डोक्यावर केस नव्हते, ओढणी गुंडाळलेली होती. मी म्हटलं, "नको ना ताई." ती म्हणाली, "बरी झालीस की बघायला. तेव्हा आपण दोघी हसू." मी फोटो काढू दिला.

सासरी गावाला आम्ही पोटात गाठ होती असं सांगितलं होतं. छातीचा आजार म्हणायची मला लाज वाटायची. खरं काय ते इथल्या घरच्यांना आणि ताईला ठाऊक.

त्याच काळात तिने अळंबीचं काम सुरू केलं होतं. कुठूनतरी ट्रेनिंग घेऊन आली आणि जवळच हाटकेशला एक छोटा गाळा भाड्याने घेतला. तिथे भाताच्या पेंढ्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या असायच्या. पिशव्यांना भोकं, आणि भोकांतून पांढरट करड्या अळंब्या कानासारख्या बाहेर यायच्या. धिंगरी म्हणतात त्याला. दिवसातून दोनतीन वेळा पाणी फवारायचं, बाकी अंधार. मला इंजेक्शनानंतर भात नको, चपाती नको, पाण्याचाही वास यायचा. तिने अळंबीचं पातळ सूप करून आणलं, मिरं आणि लसूण घालून, आणि ते पोटात राहिलं. त्यानंतर ती रोज आणायची. मी तिला म्हटलंही होतं, "ताई, तुझ्या सुपाने मी जगले." असं आपण म्हणतोच ना. कोणी पाण्याचा पेला दिला तरी म्हणतो.

इंजेक्शनं संपली, रेडिएशनचे शेकही घेऊन झाले, केस आले. पहिल्यांदा आले ते कुरळे आले, माझे कधी कुरळे नव्हते. उजव्या हाताने जड उचलायचं नाही, त्यामुळे धुण्याभांड्याची कामं गेली. ताई म्हणाली, "माझ्याकडे ये. बसून काम आहे." अळंबी वाळवायची, मिक्सरला लावायची, चाळायची, पावडर मोठ्या पिशवीत भरून तिच्या स्वाधीन करायची. पुढे तिचं काय होतं ते मी विचारलं नाही. सुपाची पावडर, हॉटेलवाले घेतात, असं ती म्हणाली होती.

गाळ्यात मोबाइल चालू असायचा. त्यात कोणी कोणी सांगायचे, अळंबीत कॅन्सर मारणारे घटक असतात, परदेशात संशोधन चाललंय. ताई फवारणी थांबवून ऐकायची. "ऐकलंस काय गो? आणि आपण ही भाजी म्हणून विकतोय."

"मग भाजीच हाय ना ती," मी म्हटलं.

"तुला नाय कळायचं."

खरंच कळत नव्हतं. पण बरं वाटायचं. मी खाल्लं त्यात काहीतरी चांगलं होतं, एवढंच मनात यायचं.

पावसाळ्यात विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन असतं. वाचन संपलं की कोणी ना कोणी दोन शब्द बोलतं. एके दिवशी ताई उठली आणि म्हणाली, "आपल्यातलीच एक बाई अळंबीवर उभी राहिलीय. केस बघा तिचे." आणि माझ्याकडे हात केला. सगळ्या पांढऱ्या साड्या माझ्याकडे वळल्या.  मी हात जोडले आणि खाली बघितलं. ती सुपाचं कौतुक करतेय असं मला वाटलं. मागून कोणीतरी म्हणालं, "लाजाळूचं झाड आहे ते," आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग थंडीच्या दिवसांत घोडबंदर रोडकडच्या चेणे गावची बाई आली.

दुपारची वेळ होती, घरी मी एकटीच. बेल वाजली. दारात माझ्याच वयाची बाई, डोक्याला रुमाल, चेहरा काळवंडलेला. बरोबर तिची सून, पत्ता विचारत विचारत आलेल्या. मी काही विचारायच्या आत ती बाई वाकून माझ्या पायाला हात लावायला लागली. आमच्यात पाया पडत नाहीत. मी मागे सरले तर ती आणखी पुढे आली.

"तुमीच ना त्या? त्याच हाव तुमी," ती म्हणाली. "सूनबाय, बघ गो, त्याच हायत."

सुनेने पिशवीतून डबी काढली. पांढरी डबी, हिरवं झाकण. डबीवर दोन फोटो होते. एकात ओढणी गुंडाळलेली मी दवाखान्याच्या खुर्चीत. दुसऱ्यात कुरळ्या केसांची मी, गटाच्या सहलीतली. खाली लिहिलेलं, स्तनाच्या कॅन्सरवर मात, नैसर्गिक अळंबीने. त्याखाली कशी घ्यायची ते. सकाळी उपाशीपोटी, कोमट पाण्यातून. पथ्य: आंबट, तेलकट, मांसाहार बंद. मी चौथी शिकले, पण तेवढं मला एका दमात वाचता आलं.

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. बाई म्हणाली, "नवीन डबी चालू करायची हाय. म्हटलं पयला चमचा तुमच्या हातान् घ्यावा. तुमचा हातगुन." तिने तोंडच पुढे केलं, लहान पोरासारखं.

मी विचारलं, "दवाखाना?"

"बंद केला ना."

"कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे?" ती माझ्याकडे आश्चर्याने बघत होती. "पथ्याचं औषद हाय. त्यावर सुई कशी चालंल? आमच्या सासऱ्यांना कावीळ जाली तवा पन गावठी औषद दिलं, डाक्टरचं समदं बंद."

ते मला लगेच समजलं. आमच्या गावीही तसंच. कावीळ झाली की झाडपाल्याचं औषध देणारा आधी पथ्य सांगतो, आणि पथ्य सांगितलं की दुसरी गोळी, दुसरी सुई घरात आणायची नाही. दोन औषधं एकमेकांना मारतात म्हणतात. तिची थोडीच इंजेक्शनं झाली होती. गाठ लहान झाल्यावर ऑपरेशन करू असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मधे ही डबी आली आणि ती दवाखान्यात जायची थांबली. कानातले मोडून तिने डब्यांचा पूर्ण कोर्स घेतला होता.

मी डबी बाजूला ठेवली. कसंबसं म्हणाले, "मी इंजेक्शनं घेतली. सगळी घेतली. ऑपरेशन पण झालं."

ती हसली. "तायनी सांगितलं हाय आमाला. म्हनाल्या, ती लय लाजरी हाय. इचारलात तर न्हायच म्हनंल. मनावर घेऊ नका."

त्या क्षणाचं मला नीट लिहिता येत नाही. फोटो लावला तो लावला. पण मी कधी तोंड उघडलं, तर तेही आधीच बंद करून ठेवलं होतं. माझा स्वभाव तिला जेवढा ठाऊक होता तेवढा कोणालाच नव्हता. तोच तिने वापरला.

सून सासूला म्हणाली, "आत्या, चमचा आणू का?" तिला वाटलं मी तयार झाले.

मी बाईला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. नवऱ्यासमोरही मी अजून पाठ फिरवून कपडे बदलते. त्या दिवशी मी अनोळखी बाईसमोर ब्लाउजचे हुक काढले. उजवी बाजू सपाट आहे. काखेपर्यंत शिवण आहे. शेकाने कातडी तांबूस काळी पडलीय. ती बघत राहिली, पण चेहऱ्यावर अजून शंका होती. ऑपरेशन तर कोणाचंही होतं.

मग मी डावी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत शीर काळी पडलेली आहे. पेनने रेघ ओढल्यासारखी. लाल इंजेक्शनाने तसं होतं, हळूहळू जातं म्हणतात, माझं अजून गेलेलं नाही.

तिने स्वतःची बाही वर केली. तिचीही शीर तशीच होती. आखूड, पण तशीच.

तिने माझ्या हाताशेजारी तिचा हात ठेवला. बराच वेळ दोन्हीकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे तुमी खरंच घेतलं."

"सगळी घेतली."

"आन् ही अलंबी?"

"सूप प्यायले. भाजी पण खाल्ली. चांगली लागते."

ती जमिनीवर बसली. "मी किती दिवस फुकट घालवलं गो बाय," म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात बरोबर येईन असं मी तिला सांगितलं.

संध्याकाळी मी समोरचं दार वाजवलं. ताई पिठाच्या हातांनी आली. मी डबी पुढे धरली.

तिने डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोणी दिली तुला?"

"चेण्याच्या बाईने. तिने इंजेक्शनं बंद केलीत."

"मी कुठे बोलले बंद कर? दाखव, डबीवर कुठे लिहिलंय?"

"पथ्य लिहिलंय."

"पथ्य म्हणजे खाण्यापिण्याचं."

"ताई, आपण दोघी एकाच मुलखातल्या. पथ्य लिहिल्यावर बाई काय समजते ते तुला माहीत नाय?"

 तिचा आवाज चढला. "आणि काय खोटं लिहिलंय? तूच बोललीस ना, तुझ्या सुपाने जगले? परदेशात एवढे मोठे लोक संशोधन करतात ते सगळे येडे? तुला कोण ओळखतंय चेण्याला? दोन फोटो लावले तर तुझं काय गेलं? पगार तर त्याच पावडरीतून घेतलास ना?"

 पगार घेतला होता. तिला खरंच तसं वाटत होतं की काय, ते मला आजही कळलेलं नाही. पिशवी धरणारे हातही तेच होते.

माझं काय गेलं ते चार दिवसांनी कळलं. तोच फोटो मोबाइलवर फिरत फिरत गावाला पोचला. जावेचा फोन आला. "आम्हाला पोटाची गाठ म्हणून सांगितलंत. आम्ही काय परके? आणि आता अख्ख्या जगाला दाखवताय." नवऱ्याने फोन घेतला आणि समजावलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

दवाखान्यात मी, चेण्याची बाई आणि सून गेलो. तिथली डॉक्टर तरुण आहे, सगळ्यांना मावशी म्हणते. ती चेण्याच्या बाईला ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. तपासलं आणि बराच वेळ फाइल बघत राहिली. गाठ थोडी लहान झाली होती ती परत वाढली होती. काखेतही लागत होतं. आता अर्धी छाती वाचवता येईल असं सांगता येत नाही, म्हणाली, आधी इंजेक्शनं परत सुरू करू.

मी डबी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "सॉरी हां डॉक्टर. हे सगळं खोटं आहे का?"

तिने झाकण उघडून वास घेतला. "सगळं खोटं नाही मावशी, हाच तर त्रास आहे. अळंबीत काही पदार्थ असतात. ते काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींवर टाकले तर पेशी मरतात. पण बशीत साबणाचं पाणी टाकलं तरी मरतात. बशीपासून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि बरेचसे पदार्थ वाटेतच गळतात. बाहेर एकदोन देशांत अळंबीतून काढलेला अर्क देतात, पण कसा? इंजेक्शनाच्या जोडीला. इंजेक्शनाऐवजी नाही. तो अर्क मोजूनमापून काढतात, मिक्सरमधून येत नाही."

सून म्हणाली, "म्हंजे जोडीला चालंल?"

"ही डबी नाही चालणार. हिच्यात किती काय आहे आणि ते आमच्या औषधात काय ढवळाढवळ करेल, मला माहीत नाही. भाजी खा. शिजवून, चांगली धुऊन." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी अळंबीला हसत नाहीये हां. तुमचं ते लाल इंजेक्शन होतं ना, ते पण मातीतल्या एका जिवापासूनच सापडलंय. पण ते औषध व्हायला माणसांची आयुष्यं गेली."

चेण्याच्या बाईने विचारलं, "मी वाचंन ना?"

डॉक्टर म्हणाली, "उशीर झालाय, पण उशीर म्हणजे संपलं नाही. आता एकही सुई चुकवायची नाही." बाईने मान हलवली. बाहेर आल्यावर सुनेने सांगितलं, सरकारी योजनेत इंजेक्शन फुकट आहे, पण गाडीभाडं, बाहेरच्या तपासण्या, नवऱ्याचे खाडे. कानातले तर डब्यांत गेले. आता काय मोडायचं?

म्हणून मी ते केलं जे मला एरवी कधी जमलं नसतं. पौर्णिमेला विहारात वाचन झालं, आणि मी उठले.  समोरच्या बायकांकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलले. "मला ऑपरेशनाने आणि इंजेक्शनांनी बरं केलं. सूप मी आवडीने प्यायले. ताईने त्या बाईचे पैसे परत द्यावेत. दवाखान्याला लागतायत."

एवढंच. खाली बसले.

कुजबुज झाली. एक वयस्कर बाई मोठ्याने म्हणाली, "सूप पिताना गोड लागलं, आता कडू लागलं काय गो?" कोणी हसलं. पण दुसरी म्हणाली, "माझ्या भावजयीने पण घेतल्यात डब्या. तिला काय सांगू मी?" मग तिसरी बोलली. ताई पदर सावरून उठली आणि चपला घालून निघून गेली. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, "तुझी पिशवी मी धरली होती."

"हो," मी म्हटलं. 

नंतर गटाने तिला अध्यक्षपदावरून काढलं. मी तसं मागितलं नव्हतं. डब्या बंद झाल्या. हाटकेशच्या गाळ्यात अजून अळंबी होते, ती भाजीवाल्यांना जाते. माझं काम सुटलं. आता एका शिंप्याकडे काजं-बटणं करते, सुजलेल्या हाताने जेवढी होतील तेवढी. आमच्याकडे अळंबी येत नाही. मुलगी एकदा म्हणाली, भाजीचा काय दोष? दोष नाही. मला गिळवत नाही.

ताईने पैसे एकदम दिले नाहीत. थोडे थोडे दिले. माझ्या हातात कधी दिले नाहीत, माझ्या मुलीकडे पाकिटात घालून द्यायची. मी ते चेण्याला पोचवायचे. घोडबंदर रोडला उतरून आत चालत जायचं. बाई ओट्यावर बसलेली असायची, कधी बसता यायचं नाही तर आत पडलेली. तिची इंजेक्शनं पूर्ण झाली. ऑपरेशनही झालं. छाती पूर्ण काढावी लागली, माझ्यासारखी. वेळेवर गेली असती तर काय झालं असतं, ते तिने डॉक्टरला विचारलं नाही, मीही नाही. पुढची काही वर्षं तपासणी करत राहायचं आहे. तिला आता लव आलीय डोक्यावर. म्हणते, "माजे पन कुरले येतान् वाटतं."

परवा शेवटचं पाकीट मिळालं. मी ते देऊन आले. बाईने ते सुनेकडे दिलं. सून म्हणाली, "जालं आत्या. समदे आले. कानातल्यांचे पन सुटले." बाईने मला चहा दिला, फार गोड केलेला.

घरी आले तेव्हा ताई तिच्या दारात उभी होती. बहुतेक माझीच वाट बघत होती. केस पांढरे झालेत तिचे, एवढ्यात.

"पोचले?" तिने विचारलं.

"पोचले. सगळे."

ती तिथेच उभी राहिली. मी आणखी काहीतरी बोलेन असं तिला वाटत होतं. मी कुलूप काढलं, आत आले आणि दार लावून घेतलं.